दार निखळतं करायचं, पण कोणत्या गाडीचं?

शहापूर-मुरबाड पट्ट्यात भात झोडून झालं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला उसंत नसते. आज पेंढा, उद्या शेणखत, परवा विटा, पुढे भाताची पोती. प्रत्येक मालाची तऱ्हा निराळी. पेंढा भरायचा तर मागचा फाळका आडवा येतो. खत ओढून टाकायचं तर फाळका नसलेलाच बरा. विटा नाहीतर पोती असली की मात्र तोच फाळका पक्का हवा. म्हणून बरेच शेतकरी वेल्डिंगच्या दुकानात जाऊन सांगतात, "भाऊ, फाळका काढता-घालता येईल असं काहीतरी करून दे."

त्याच दुकानात दुसरंही गिऱ्हाईक येतं. त्याला जुन्या जिपेची किंवा पिकअपची दारं निखळती करून हवी असतात. उन्हाळ्यात वारा लागतो, चढ-उतर सोपी होते, माल पटकन हाती येतो आणि पोरांना तशी गाडी रुबाबदारही वाटते. वरवर पाहिलं तर दोन्ही कामं सारखीच. बिजागरी बदलायची, पिन निघेल अशी करायची. पण एक काम शेतीच्या उपयोगाचं आहे आणि दुसरं अंगाशी येणारं. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे.

बिजागरी निखळते कशी?

बिजागरीचे भाग तीनच. चौकटीवरची पाती, दारावरची पाती आणि दोन्हींच्या नळ्यांतून जाणारी पिन. साध्या बिजागरीत पिन ठोकून बसवलेली असते, म्हणून दार फिरतं पण निघत नाही. निखळती करण्याचे प्रकार दोन. पहिल्यात पिन ओढून काढता येते. पिनेला एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला भोक असतं, त्या भोकात स्प्लिट पिन घालतात. दुसऱ्यात पिन खालच्या पातीलाच वेल्ड केलेली, टोक आभाळाकडे. दारावरची नळी वरून त्यात बसते. दार उचललं की निघालं, ठेवलं की बसलं.

यात नवं काही नाही. जुन्या घरांची जड लाकडी दारं खाली-वर खोबणीत बसवलेल्या खुंटांवर फिरत आणि वेळ पडली तर उचलून काढता येत. गोठ्याच्या लोखंडी फाटकाला आजही हीच युक्ती करतात. फक्त म्हैस शिंगाने फाटक उचलून टाकते, म्हणून सगळ्यात वरची पिन उलटी, म्हणजे टोक खाली करून लावायची. मग फाटक उचललं जात नाही. यात धडा असा की, जे सहज निखळतं ते नको तेव्हाही निखळू शकतं. त्याला अडसर हवाच.

जिपेचं दार का काढत होते?

जीप मुळात बिनदाराचीच गाडी. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जिपेला लोखंडी दारं नव्हती. बसणाऱ्याच्या बाजूला नुसता पट्टा अडकवत. १९४७ सालापासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जिपांची जुळणी सुरू केली, आणि पुढची कित्येक वर्षं त्या जिपा कॅनव्हासच्या हुडावर आणि कॅनव्हासच्याच दारांवर चालल्या. किन्हवली, सरळगाव, डोळखांब, टोकावडे या बाजूला ज्यांनी अशा जिपेतून प्रवास केला, त्यांना पायरीवर उभं राहून, एका हाताने दांडी धरून जाणारी माणसं चांगलीच आठवत असतील.

निखळणारी दारं कंपनीनेच दिलेली गाडीही आहे. अमेरिकेच्या जीप कंपनीची रँग्लर. तिची जुळणी २०२१ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला सुरू झाली. पण ती गाडी आखतानाच दार निघणार हे धरून आखलेली असते. चौकट, बिजागऱ्या, विजेच्या तारांची जोडणी, सगळं त्या हिशेबाने केलेलं असतं. आपल्या पिकअपचं किंवा प्रवासी गाडीचं तसं नसतं.

आजच्या गाडीचं दार म्हणजे नुसतं पाऊस-धूळ अडवणारं झाकण नव्हे. बाजूने धडक बसली तर पहिला मार दार घेतं. गाडी उलटली तर माणूस बाहेर फेकला जाऊ नये, हे काम पट्ट्याबरोबर दार, त्याचं कुलूप आणि बिजागऱ्या मिळून करतात. आरसा बहुधा दारावरच असतो. दार काढलं की आरसा गेला, आणि माळशेज किंवा कसाऱ्याच्या घाटात मागून येणारा ट्रक दिसणार कुठे? काचेच्या, कुलपाच्या तारा दारातूनच जातात. काही नव्या गाड्यांत तर धडक ओळखणारे सेन्सरही दारात असतात. गल्लीतल्या दुकानात गॅसने कापून पुन्हा वेल्ड केलेल्या बिजागरीवर एवढा सगळा भार टाकणं शहाणपणाचं नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाब स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या माणसाला कापलेली बिजागरी दिसली की वाद ठरलेला. चार दिवसांच्या वाऱ्यासाठी एवढी जोखीम कशाला? जिपेचं, पिकअपचं, व्हॅनचं दार आहे तसंच राहू द्यावं.

ट्रॉलीचा फाळका कसा करावा?

ट्रॉलीची गोष्ट निराळी. तिचे फाळके उघडण्यासाठी आणि काढण्यासाठीच असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना ते तसे मुळातच येतात. तरी ट्रॉली हेही नोंदणीचं वाहन आहे. माप तेच, जागा तीच ठेवावी. फाळक्याची उंची वाढवणं, हौदा लांबवणं हे कागदावरच्या मापाबाहेर जातं. काम करण्यापूर्वी ट्रॉली बनवणाऱ्याला आणि परिवहन कार्यालयात विचारून घ्यावं. मग पुढील गोष्टींची दक्षता घ्यावी.

१) पिनेसाठी गुळगुळीत गोल सळई वापरावी. घराच्या स्लॅबमधून उरलेली कंगोऱ्यांची सळई नको. ती नळीला आतून घासते, भोक मोठं होतं आणि फाळका खडखडू लागतो.

२) सगळ्या नळ्या एका रेषेत आल्या पाहिजेत. सोपा उपाय असा, एकच लांब सरळ सळई सगळ्या नळ्यांतून घालावी, मग पात्या जागेवर धरून आधी टाके मारावेत. फाळका दोन-चार वेळा फिरवून पाहावा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावं. रेष चुकली तर पिन अडकते, आणि मग ती हातोड्याने ठोकून काढण्याची सवय लागते.

३) ट्रॉलीचा फाळका खालच्या बाजूला फिरतो, त्यामुळे पिना आडव्या असतात. उचलून काढायची युक्ती इथे चालत नाही. पिन बाजूने ओढून काढायची असते. तिच्या एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला स्प्लिट पिन हवी. स्प्लिट पिनेच्या जागी खिळा वाकवून घालणं बंद करावं. खडी आणि खड्ड्यांच्या हादऱ्याने तो गळून पडतो आणि मागून पिनही सरकते.

४) प्रत्येक पिनेला छोटी साखळी वेल्ड करावी. हरवलेल्या पिनेच्या जागी लोक जे हाती येईल ते घालतात, आणि घात तिथेच होतो.

५) उभ्या पिनांचं फाटक किंवा शेडचं दार करणार असाल तर खालची पिन अर्धा इंच लांब ठेवावी. दार ठेवताना आधी ती बसते, मग वरची. एकट्या गड्यालाही दार बसवता येतं. दोन्ही पिना सारख्या असल्या की दोघांची धांदल उडते.

६) ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असताना वेल्डिंग करू नये. ती सोडवून घ्यावी. सोडवता येत नसेल तर निदान ट्रॅक्टरच्या बॅटरीची ऋण बाजूची तार काढावी, नाहीतर अल्टरनेटर जळू शकतो.

आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीची पिन गंजून नळीशी एकजीव होते. मग निखळता केलेला फाळका दिवाळीत निघतच नाही. रोहिणी नक्षत्र लागण्याआधी सगळ्या पिना काढून, घासून, ग्रीस लावून परत घालाव्यात. वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड मारून वर रंग द्यावा.

पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेला गुरं नेताना काही जण निखळता फाळका उताराची फळी म्हणून लावतात. कल्पना चांगली, पण गुळगुळीत पत्र्यावर बैलाचा पाय घसरतो. त्यावर वीतभर अंतराने आडव्या लाकडी पट्ट्या बसवाव्यात आणि वरचं टोक साखळीने बांधावं.

पिनेवर कोणाचा जीव?

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीनंतर आपल्या वाड्या-पाड्यांवरची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. भांडीकुंडी, लाकूडफाटा, कोंबड्या आणि लहान पोरांसकट सगळं बिऱ्हाड टेम्पो-ट्रॉलीत चढतं. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्याला मंजूर नाही, आणि ते असूही नये. भट्टीमालकाने त्यांच्यासाठी बसायची गाडी करावी. पण आजही रस्त्यावर काय दिसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गर्दीत एखादी बाई पोराला घेऊन फाळक्याला पाठ टेकून बसते. तिच्या पाठीमागे असतो तो फाळका, आणि फाळक्यामागे एक गंजकी पिन नाहीतर वाकवलेला खिळा. चढावर गाडीने हिसका दिला की सगळा भार त्या पिनेवर येतो.

खाली उभा राहून फाळका उघडणाऱ्याचीही तीच गत. आत विटा सरकून फाळक्याला टेकलेल्या असतात. समोर उभं राहून पिन ओढली की फाळका आणि विटा एकदमच अंगावर. नेहमी बाजूला उभं राहून पिन काढावी. आधी दोन्हीकडच्या साखळ्या लावाव्यात, म्हणजे फाळका एकदम कोसळणार नाही. पोरांना त्या वेळी मागे फिरकू देऊ नये.

शेतकरी बंधूंनो, ट्रॉली कर्ज काढून घेतलेली असते, म्हणून आपण टायरची हवा पाहतो, हुक पाहतो. त्याच वेळी मागे जाऊन पिनाही मोजाव्यात. स्प्लिट पिना बाजारात अगदी स्वस्त मिळतात. चार जास्तीच्या ट्रॅक्टरच्या पेटीत टाकून ठेवाव्यात, आणि खिळा दिसला की तिथल्या तिथे काढून टाकावा.