आठ पायांचं घटिकापात्र

"आजोबा, माझा कंदील लुकलुकतच नाही, नुसता जळत राहतो. आयसी गेली बहुतेक!"

ये सई, बस इथं. आयसी गेली म्हणण्याआधी तिची नीट विचारपूस करू. पण आधी एक गोष्ट ऐक.

माझ्या आजीच्या लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडलं होतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, पाण्यानं भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवलेली. भोकातून पाणी आत झिरपायचं. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं झाली. मग शेजारी बसलेला माणूस वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवायचा. भरण्याचं काम पाण्याचं, लक्ष ठेवण्याचं काम माणसाचं.

तुझ्या कंदिलातली 555 आयसी म्हणजे तो लक्ष ठेवणारा माणूस. हान्स कामेंझिंड या स्विस इंजिनिअरनं 1971 साली सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी तिची रचना केली. इथं वाटी म्हणजे कपॅसिटर, भोक म्हणजे रेझिस्टर आणि पाणी म्हणजे विद्युतभार. आयसीच्या पोटात दोन पहारेकरी असतात. कपॅसिटर बॅटरीच्या दोन तृतीयांश व्होल्टेजपर्यंत भरला की एक म्हणतो, "ओता!" तो एक तृतीयांशावर उतरला की दुसरा म्हणतो, "भरा!" या दोन खुणा आखायला आत 5 किलोओहमचे तीन सारखे रेझिस्टर एका ओळीत बसवलेले आहेत.

आता मल्टिमीटर घे, डीसी व्होल्टवर ठेव. खाच वर धरली की डावीकडची पहिली पिन 1. काळा प्रोब तिच्यावर टेकव, लाल प्रोब पिन 8 वर. किती?

"9 व्होल्ट."

बॅटरी ठीक. आता लाल प्रोब पिन 5 वर.

"6!"

नवाचे दोन तृतीयांश! वरची खूण जागेवर आहे. आता पिन 3, जिथून एलईडीला वीज जाते.

"4 च्या आसपास. अर्धवटच! बिघडलीच ना?"

थांब. ही पिन एक तर वर असते, साडेसात-आठ व्होल्टला, नाही तर जवळजवळ शून्यावर. मधे ती रेंगाळत नाही. मग 4 कुठून आले? ती इतक्या झपाट्यानं वर-खाली होतेय की मीटर सरासरीच दाखवतो. तुझे डोळेही तसेच फसले. कंदील अजून लुकलुकतोय, पण सेकंदाला शेकडो वेळा!

"मग बिघडलं काय?"

वाटी! हा कपॅसिटर जुना आहे, आतून वाळलाय. घंगाळातली वाटी वाटाण्याएवढी झाली तर पाहिलं-न पाहिलं तोच भरेल. पहारेकरी बिचारे इमानानं ओरडताहेत.

खात्री करू. आयसी ब्रेडबोर्डवर लावू. पिन 8 आणि 7 मध्ये 10 किलोओहम, 7 आणि 6 मध्ये 100 किलोओहम. 2 आणि 6 जोडलेल्या, 4 गेली 8 ला. कंदिलात 10 मायक्रोफॅरड होता, इथं मुद्दाम मोठा, 47 चा लावू. आता लाल प्रोब पिन 6 वर ठेव आणि आकडे वाच.

"3... 4... 5... आता हळू चाललंय... 6! अरे, उतरायला लागलं!"

पाहिलंस? पाणी चढलं की जोर मंदावतो, तसाच भारही. एक फेरी साधारण 7 सेकंदांची. आयसी ठणठणीत आहे.

आता बॅटरी काढून दीड व्होल्टचे चार सेल लाव. पिन 5 वर काय दिसेल?

"6 चे दोन तृतीयांश... 4!"

आणि फेरी?

सईनं मोजलं. पुन्हा मोजलं. "आजोबा, तेवढीच! 7 सेकंद!"

वीज कमी झाली म्हणून भरणं मंदावलं, पण खुणाही तेवढ्याच खाली सरकल्या. पहारेकरी व्होल्ट मोजत नाहीत बाळ, वाटा मोजतात. म्हणून बॅटरी थकली तरी यांची घटका चुकत नाही.

आण तो 10 मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर. कंदिलाला त्याची वाटी परत देऊ.