काकांची जुनी जावा विकायचीय? आधी वारसाचं नाव, मग भाव

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली असंख्य मराठी घरं आहेत. पहिल्या पिढीतली माणसं आता एकेक करून जात आहेत. त्यांच्यामागे जिन्याखाली झाकून ठेवलेली जुनी बुलेट, जावा, येझदी किंवा राजदूत राहते. घराची, बँकेतल्या ठेवींची चर्चा तेराव्यालाच होते. गाडीकडे कोणी बघत नाही. मग एक दिवस भंगारवाला किलोच्या भावाने ती उचलतो. नाहीतर एखादा शौकीन रोख पैसे दाखवतो आणि म्हणतो, ‘काकांची सही तुम्हीच करून टाका.’ दोन्हीकडे नुकसान वारसांचंच.

गाडी नेमकी कोणाची?

ज्याच्या अंगणात उभी, त्याची नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार पुरुषाच्या मालमत्तेवर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हक्क असतो. लग्न होऊन नंदुरबार-धुळ्याला गेलेली मुलगीही त्यात आली. काका अविवाहित असतील आणि आई-वडील हयात नसतील, तर हक्क भाऊ-बहिणींचा. त्यांच्यातलं कोणी हयात असेल तर पुतण्या-भाच्याचा नंबर लागत नाही. मग गाडी त्याने दहा वर्षं पुसली असली तरी.

२०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. त्यामुळे नाव बदलणं सोपं होतं, पण विक्रीच्या पैशातला इतर वारसांचा हिस्सा संपत नाही.

नाव कसं बदलायचं?

मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, दंड मात्र लागू शकतो. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, ओळखपत्र आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. वारस ठरवण्यासाठी गुजरातेत तलाठ्याकडचं ‘पेढीनामुं’ मागतात. आपल्याकडे वारस दाखला म्हणतात, त्यातलाच प्रकार. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुसरी प्रत मागावी.

जुन्या गाडीला आणखी एक अडचण येते. ‘जीजे’, ‘एमएच’ सुरू होण्याआधीचे नंबर अनेकदा ऑनलाइन दिसतच नाहीत. तेव्हा आरटीओत ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते. १५ वर्षांची मुदत संपली असेल तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण आणि गाडीची तपासणी आलीच. २० वर्षांवरच्या मोटारसायकलसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झालं आहे.

मृताच्या नावाची सही करून फॉर्म २९-३० देणं म्हणजे सरळ बनावट कागद. शिवाय नोंदणी जुन्या नावावर राहिली तर पुढच्या अपघाताचं झेंगट घरी येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की नुकसानभरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक.

प्रत्येक जुनी गाडी ‘विंटेज’ नसते

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकीच विंटेज. तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच.

म्हैसूरच्या आयडियल जावाची साठच्या दशकातली जावा यात बसते. १९८३ ला आलेली राजदूत ३५० किंवा १९८५ ची आरएक्स १०० अजून बसत नाही, तरी त्यांना मागणी जोरात आहे. म्हणजे नुसत्या वयावर भाव ठरत नाही.

भाव कशावर ठरतो?

पहिली गोष्ट, इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळतात का. नंबर खोडलेला किंवा इंजिन बदललेलं असेल तर भाव निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. दुसरी, मूळ भाग. जावाचा जिकोव्ह कार्बोरेटर, बुलेटचं स्मिथ्सचं मीटर, मूळ टाकी, टूलबॉक्स या वस्तू पुन्हा मिळणं कठीण. म्हणून विकायच्या आधी नवा रंग, नवी क्रोम मारू नये. माळ्यावरचे डबेही चाळावेत. जुनं बिल, सर्व्हिस बुक, दुसरी किल्ली यांनाही किंमत असते.

सुरतेत तिसरा प्रश्न विचारायलाच हवा : ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात गाडी कुठे होती? तळमजल्यावर पाण्यात राहिलेल्या इंजिनात गाळ असू शकतो. अशा गाडीला जोरजोरात किक मारू नये. आधी प्लग काढून, जुनं तेल बदलून मिस्त्रीला दाखवावी. पुराची गोष्ट गिऱ्हाइकापासून लपवूही नये. इंजिन उघडलं की ती कळतेच.

ऑनलाइन दिसतो तो मागितलेला भाव. सौदा होतो तो वेगळा. त्यामुळे एक मिस्त्री, एक जुन्या गाड्यांचा जाणकार आणि एक खरेदीदार असे तीन वेगवेगळे अंदाज घ्यावेत. अंदाज देणाराच गाडी मागत असेल तर तो आकडा कमीच धरावा.

गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर

आधी सुरत आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, मग तिकडे नवी नोंदणी, रोड टॅक्स आणि जुन्या गाडीचा पर्यावरण कर. हा खर्च कोण करणार, हे सौद्यातच लिहून घ्यावं. पैसे बँकेतून घ्यावेत, म्हणजे बहिणीला हिशेब दाखवता येतो. वारशात गाडी मिळाली म्हणून प्राप्तिकर लागत नाही, आणि घरच्या वापराची मोटारसायकल भांडवली मालमत्तेतही धरली जात नाही. काकांचा गाड्या घेण्या-विकण्याचा धंदाच असेल तर मात्र सीएला विचारावं.

गाडीचे पैसे घराच्या मानाने थोडेच असतात. पण न विचारता विकलेल्या गाडीवरून भावंडांची बोलाचाल बंद झाली, की ते नुकसान कुठल्याच भावात भरून निघत नाही. सगळ्यांच्या सह्या आधी, गिऱ्हाईक नंतर.