खुर्ची सोडल्यानंतरचे शहाणपण

‘कोचिंग’ हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे शिकवणीच्या वर्गाची पाटी उभी राहते. शब्दाच्या इतिहासाला हे धरूनच आहे. हंगेरीतील कोच नावाच्या गावी तयार होणाऱ्या घोडागाडीवरून हा शब्द युरोपीय भाषांत शिरला आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीरी वाहून नेणाऱ्या शिक्षकाला थट्टेने तेच नाव दिले. तेथून तो क्रीडांगणावर गेला, आणि गेल्या तीन-चार दशकांत कंपन्यांच्या संचालकांच्या दालनात जाऊन बसला. तेथे वरिष्ठ अधिकाऱ्याचे ऐकून घेणारा, त्याला प्रश्न विचारणारा आणि त्याचा निर्णय त्याच्याच विचारातून घडू देणारा जो, तो कोच. हा व्यवसाय पत्करणाऱ्यांत उच्च अधिकारपदावरून उतरलेली मंडळी पुष्कळ आढळतात.

असे का व्हावे, याचे कारण उघड आहे. कंपनीची रचना शंकूसारखी असते. वर जावे तसतशा जागा कमी होत जातात. पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या अधिकाऱ्याला पुढची पायरी उरलेली नसते, किंवा कंपन्यांच्या एकत्रीकरणात त्याचे पदच नाहीसे होते. तीस वर्षांचा अनुभव हे त्याचे भांडवल. पण ते विकता येत नाही आणि मुलाबाळांच्या नावे करूनही ठेवता येत नाही. दुसऱ्याला मार्गदर्शन करणे हा ते भांडवल वापरात ठेवण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग ठरतो.

तथापि येथे एक मूलभूत प्रश्न आहे. अधिकाऱ्याला वेतन मिळते ते निर्णय घेण्याबद्दल आणि तो इतरांकडून अमलात आणून घेण्याबद्दल. कोचच्या हाती निर्णयही नसतो आणि अंमलबजावणीही नसते. ज्याने आयुष्यभर उत्तरे दिली, त्याला आता प्रश्न विचारून स्वस्थ बसावयाचे असते. समोरचा माणूस चुकीच्या वाटेने निघाला आहे असे दिसत असताना हुकूम सोडण्याचा मोह आवरणे, हे या व्यवसायातील सर्वांत कठीण कर्म होय. म्हणजे जुने भांडवल जसेच्या तसे येथे चालत नाही. त्याचा बराचसा भाग मोडीत काढून नवे कसब कमवावे लागते.

अमेरिकेतील बिल कॅम्पबेल यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अर्थशास्त्राचे पदवीधर असलेले कॅम्पबेल १९७४ ते १९७९ या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. संघ १२ सामने जिंकला आणि ४१ हरला. मैदान सोडून ते व्यापारी जगात आले. १९८३ मध्ये अ‍ॅपल कंपनीत उपाध्यक्ष झाले. पुढे गो नावाच्या कंपनीचे प्रमुखपद सांभाळताना त्यांनी तिचे अपयश पाहिले. १९९४ ते १९९८ या काळात ते इन्ट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. त्यानंतर २०१६ साली निधन होईपर्यंत त्यांनी इतरांना घडविण्याचे काम केले. २००१ मध्ये गूगलची सूत्रे हाती घेणारे एरिक श्मिट यांना कोच घेण्याचा सल्ला देण्यात आला, तेव्हा अनुभवी माणसाला कोच कशाला, असे त्यांना वाटले होते. पुढे मात्र ते कॅम्पबेल यांचे शिष्य म्हणवून घेऊ लागले आणि २०१९ साली त्यांच्यावरील ग्रंथाच्या लेखकांपैकी एक झाले. या कामासाठी गूगलने देऊ केलेला मोबदला कॅम्पबेल यांनी प्रथम नाकारला होता.

हा नकार केवळ औदार्याचा मानण्याचे कारण नाही; त्यात आर्थिक शहाणपणही आहे. सामान्यतः कोचचे शुल्क कंपनी भरते, आणि मन मोकळे करतो तो अधिकारी. मग कोच बांधील कोणाला? पैसे देणाऱ्याला, की विश्वास टाकणाऱ्याला? मोबदला नाकारणाऱ्यापुरता हा पेच काहीसा सैल होतो, परंतु पोटापाण्यासाठी हा व्यवसाय करणाऱ्यांना तो रोज सोडवावा लागतो.

आणि तो पूर्णपणे सुटतो असेही नाही. कॅम्पबेल १९९७ ते २०१४ अ‍ॅपलच्या संचालक मंडळावर होते, आणि त्याच काळात गूगलचे सल्लागारही. एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी बोलावणे पाठवायचे नाही, असे समझोते या व अन्य कंपन्यांत होते. त्यावरून अमेरिकेच्या न्याय विभागाने कारवाई केली आणि २०१० साली कंपन्यांनी तडजोड मान्य केली. पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. न्यायालयापुढे आलेल्या पत्रव्यवहारात कॅम्पबेल यांचेही नाव होते. वरच्या दालनातील परस्परविश्वासाची किंमत खालच्या मजल्यावरील अभियंत्यांच्या वेतनातून वसूल होऊ शकते, हा त्यातील धडा आहे. अधिकाराला निदान लेखापरीक्षण असते. प्रभावाला ते नसते.

दुसरा प्रश्न गुणवत्तेचा. विकणाऱ्याला मालाचा कस ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. कोचिंगचा बाजार नेमका या जातीचा आहे. वकिलीस वा वैद्यकीस लागते तशी कायद्याची सनद येथे लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कोच संघटना प्रमाणपत्रे देते. पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचे शिक्षण व १०० तासांचा अनुभव, तर सर्वोच्च पायरीसाठी २०० तासांचे शिक्षण व २,५०० तासांचा अनुभव अशी तिची अट आहे. पण ही अट पाळणे ऐच्छिक आहे. परिणामी ग्राहक जुन्या हुद्द्याकडे पाहूनच निवड करतो, आणि जुना हुद्दा हा तर ऐकून घेण्याच्या कसबाचा पुरावा नव्हे.

हा विषय केवळ बड्या साहेबांचा आहे, असे समजण्याचेही कारण नाही. कचेरीतील नियमांची खाचखळग्यांसह माहिती असलेले हेडक्लार्क निवृत्त होतात, मुख्याध्यापक हारतुरे घेऊन घरी जातात, आणि त्यांच्याबरोबर तीस-पस्तीस वर्षांचे संचित शहाणपण कार्यालयाबाहेर पडते. नव्या माणसाला ते हवे असते; पण ‘आमच्या वेळी असे नव्हते’ या सुरात मिळालेले नको असते. जुन्याने बोलायचे कमी आणि विचारायचे अधिक असे ठरविले, तर या संचिताचा उपयोग समाजाला होईल.

खुर्ची सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून म्हणून तीन गोष्टींची अपेक्षा करणे रास्त आहे. नवे कसब त्याने विद्यार्थी होऊन शिकावे. आपल्याला पैसे कोण देतो आणि कोणाची गुपिते आपण राखणार, हे त्याने आरंभीच स्पष्ट सांगावे. आणि ज्यांच्या आयुष्यावर त्या बंद दालनातील निर्णयांचा परिणाम होतो, पण ज्यांना कधीही कोच मिळत नाही, त्या माणसांची आठवण त्याने ठेवावी. एवढे पथ्य पाळले गेले नाही, तर पदाविना सत्ता उपभोगण्याचा तो एक सभ्य मार्ग ठरेल.