आठ सेकंदांचा धडा : सायकलची मोठी शर्यत मुलांसोबत कशी पाहावी?



चौथीच्या वर्गात मिनिटं-सेकंदांची वजाबाकी शिकवताना एक अडचण दरवर्षी येते. तुम्हालाही येत असेल. २ मिनिटे १५ सेकंदांतून १ मिनिट ४० सेकंद वजा करा असं सांगितलं, की निम्मा वर्ग ७५ सेकंद उत्तर काढतो. का? कारण मुलं हातचा घेताना साठऐवजी शंभर घेतात. खरं उत्तर आहे ३५ सेकंद. मी फळ्यावर चार-चार वेळा सोडवून दाखवलं, तरी दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न!

शेवटी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि एका सायकल शर्यतीची गोष्ट सांगितली. २१ दिवस, तीन हजारांहून जास्त किलोमीटर आणि शेवटी दोघांत फरक फक्त ८ सेकंदांचा. वर्ग एकदम गप्प झाला. मग एका मुलाने विचारलं, "बाई, आठच सेकंद? मग तो हरला कुठे?"

हा 'हरला कुठे' फार चांगला प्रश्न आहे. या शर्यती पाहायच्या त्या याच प्रश्नासाठी. आजचा लेख त्यावरच आहे.

आधी तीन शर्यतींची ओळख

रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये तीन शर्यती सर्वांत मोठ्या मानतात. इटलीची 'जिरो द'इटालिया' मे महिन्यात, फ्रान्सची 'टूर द फ्रान्स' जुलैमध्ये आणि स्पेनची 'व्हुएल्टा' ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. प्रत्येकीत २१ टप्पे असतात. रोज एक टप्पा, मध्ये दोन दिवस विश्रांती. म्हणजे तीन आठवडे.

गंमत म्हणजे या शर्यती वर्तमानपत्रांनी सुरू केल्या. १९०३ मध्ये 'लोतो' या फ्रेंच क्रीडा दैनिकाला खप वाढवायचा होता, म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी टूर भरवली. पहिल्या वर्षी फक्त ६ टप्पे होते, पण एकूण अंतर २४०० किलोमीटरहून जास्त! साठ जण निघाले, एकवीस जण पोचले. 'लोतो'चा कागद पिवळा होता, म्हणून टूरमध्ये आघाडीवर असणाऱ्याची जर्सी पिवळी. इटलीत 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' हे दैनिक गुलाबी कागदावर छापतात, म्हणून तिथली जर्सी गुलाबी.

वेळेचा हिशेब कसा चालतो?

बहुतेक पालक इथेच गोंधळतात. आपल्याला वाटतं, जो आधी पोचला तो जिंकला. त्या दिवसाचा टप्पा तो जिंकतो, हे खरं. पण शर्यत जिंकतो तो, ज्याच्या सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज सर्वांत कमी भरते. म्हणून एकही टप्पा न जिंकता टूर जिंकता येते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने १९९० मध्ये अगदी तसंच केलं.

आता त्या आठ सेकंदांकडे येऊ. साल १९८९. शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची 'टाइम ट्रायल' होती. यात प्रत्येक जण एकटा निघतो आणि घड्याळाशी लढतो. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. एवढ्या कमी अंतरात ५० सेकंद भरून काढणं जवळजवळ अशक्य, असंच सगळे धरून चालले होते. लेमाँड दुसरा. दोनच वर्षांपूर्वी शिकारीच्या वेळी चुकून त्याला छर्रे लागले होते, त्यातले बरेचसे तेव्हाही अंगात होते. त्याने हँडलला पुढे लांब दांडे लावले होते, त्यामुळे हात पुढे घेऊन, वाकून, वारा कापत जाता येत होतं. फिन्याँ साध्या हँडलवर, विना हेल्मेट, मागे बांधलेल्या केसांची शेपटी उडवत निघाला. बसायच्या जागी झालेल्या जखमेनेही तो बेजार होता. लेमाँडने २६ मिनिटे ५७ सेकंद घेतले, फिन्याँने २७ मिनिटे ५५ सेकंद. फरक ५८ सेकंद. त्यातून आधीची आघाडी ५० वजा करा. उरले ८.

आता सांगा, फिन्याँ हरला कुठे? पॅरिसमध्ये? की त्याआधी एखाद्या घाटात, जिथे त्याने थोडं आणखी रेटलं असतं तर नऊ सेकंद जास्त मिळाले असते? वर्गात यावर तावातावाने चर्चा झाली. आणि हो, त्या दिवसानंतर ७५ सेकंदवाली उत्तरं बरीच कमी झाली.

वाऱ्याची आड

दुसरी गोष्ट समजल्याशिवाय ही शर्यत पाहण्यात मजा नाही. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा शत्रू म्हणजे वारा. पुढच्याच्या मागे चिकटून चाललं, तर मागच्याची ताकद बरीच वाचते, तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त. म्हणून सगळे घोळक्याने जातात. या मोठ्या घोळक्याला 'पेलोटॉन' म्हणतात.

यातूनच सगळं नाट्य घडतं. सकाळी चार-पाच जण घोळक्यातून पुढे सटकतात. त्यांना एकमेकांशी स्पर्धा करायची आहे, पण एकमेकांच्या मदतीशिवाय निभणार नाही. म्हणून आळीपाळीने पुढे राहून वारा झेलतात. मागचा घोळका मात्र हिशेब करत असतो. फार लवकर पकडलं तर नवे कोणी सटकतील, उशीर झाला तर पुढचे निसटतील. म्हणून कित्येकदा शेवटच्या दोन-तीन किलोमीटरवर त्यांना गाठतात. दीडशे किलोमीटर पुढे राहून शेवटी पकडला गेलेला खेळाडू पाहिला, की घरातले सगळे "अरेरे!" म्हणतात.

आणि प्रत्येक संघात मदतनीस असतात. टूरमध्ये एका संघात आठ जण. त्यातला एक म्होरक्या, बाकीचे त्याच्यासाठी वारा झेलतात, मागे जाऊन गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, वेळ आली तर आपलं चाक काढून त्याला देतात. त्यांची नावं पेपरात क्वचितच येतात.

एकाच शर्यतीत अनेक शर्यती

पालकसभेत एक आई म्हणाली होती, "आमचा कशातच पहिला येत नाही हो." तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज ती भेटली तर तिला टूरच्या जर्स्या दाखवीन. पिवळी एकूण वेळेसाठी. हिरवी गुणांसाठी, ती बहुधा जोरदार धावणाऱ्या स्प्रिंटरला मिळते. पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची घाटात भारी असणाऱ्याला. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' असतो ना, तसाच. पांढरी जर्सी तरुणांमधल्या सर्वोत्तमाला.

घाटांनाही दर्जे असतात. चौथा सगळ्यांत सोपा, पहिला फार कठीण आणि त्याच्याही वर 'वर्गवारीच्या पलीकडचा'. आल्प्समधला आल्प द्युएझ असाच आहे. जवळपास १४ किलोमीटरची चढण, २१ वळणं आणि सरासरी चढ ८ टक्के. म्हणजे १०० मीटर गेलं की ८ मीटर वर. शेकडेवारी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

स्प्रिंटर मंडळी अशा घाटात मागे पडतात. पण प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. ती चुकली की घरी. मग मागे पडलेले सगळे, वेगवेगळ्या संघांचे, एकत्र गट करून एकमेकांना धरून वेळेत पोचतात. एकूण क्रमवारीत शेवटच्या असणाऱ्याला 'लाल कंदील' म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लावतात त्यावरून. लोक त्याच्यासाठीही टाळ्या वाजवतात. तीन आठवडे रोज वेळेत पोचणं ही काही साधी गोष्ट नाही.

फिनेस्त्रेचा घाट

तीन आठवड्यांची शर्यत का पाहायची, हे एकाच उदाहरणात सांगायचं तर मी सायमन येट्सचं नाव घेईन. २०१८ च्या जिरोमध्ये हा इंग्लंडचा खेळाडू गुलाबी जर्सीत होता. शेवट दोन-तीन दिवसांवर आला असताना 'कोल्ले देल्ले फिनेस्त्रे' या घाटात त्याची ताकद संपली. या घाटाचा वरचा भाग कच्चा, खडीचा आहे. तिथेच ख्रिस फ्रूम एकटा सुटला, शेवट तब्बल ८० किलोमीटर दूर असताना, आणि जिरो जिंकला. येट्स त्या दिवशी ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला.

सात वर्षांनी, २०२५ च्या जिरोत, शेवटून दुसऱ्या दिवशी तोच घाट. गुलाबी जर्सीत मेक्सिकोचा २१ वर्षांचा इसाक देल तोरो. इक्वेडोरचा कारापाझ ४३ सेकंद मागे आणि येट्स तिसरा, १ मिनिट २१ सेकंद मागे. घाटात येट्स पुढे गेला. देल तोरो आणि कारापाझ मात्र एकमेकांकडे बघत राहिले. तू पुढे हो, नाही तू हो! जो पुढे होईल तो वारा झेलणार आणि दुसऱ्याला आयता फायदा. या भांडणात येट्स दिसेनासा झाला. त्याच्या संघाने आणखी एक युक्ती केली होती. वाउट व्हॅन आर्ट हा मोठा खेळाडू सकाळीच पुढच्या टोळीत पाठवला होता. घाट उतरल्यावर तो येट्ससाठी थांबला आणि दरीतल्या रस्त्यावर त्याने वारा झेलला. येट्सने जिरो जिंकला, देल तोरोपेक्षा ३ मिनिटे ५६ सेकंदांनी.

आमच्या घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "म्हणजे दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ!" मी आणखी काय सांगणार?

बायकांची शर्यतही दाखवा

मुलींना हे जरूर दाखवा. महिलांची टूर २०२२ पासून नव्या रूपात भरते. २०२४ मध्ये नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग पिवळ्या जर्सीत असताना पडली आणि दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला. शेवटच्या दिवशी, आल्प द्युएझवर संपणाऱ्या टप्प्याआधी, पोलंडची कासिया निएवियादोमा तिच्यापेक्षा ७५ सेकंदांनी पुढे होती. व्होलरिंगने टप्पा जिंकला, ६१ सेकंद मिळवले, वर पहिल्या क्रमांकाचे १० सेकंद बक्षीस. करा बेरीज-वजाबाकी. निएवियादोमा जिंकली, ४ सेकंदांनी. फिन्याँच्या आठांच्याही निम्मे!

कटू भागही सांगा

मुलं विचारतात, "बाई, यात कॉपी चालते का?" उत्तर टाळू नका. लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ सलग सात टूर जिंकल्या. त्याने बंदी असलेली औषधं घेतल्याचं सिद्ध झालं आणि २०१२ मध्ये सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. ती दुसऱ्या कोणाला दिली नाहीत. विजेत्यांच्या यादीत त्या सात वर्षांपुढे जागा रिकामी आहे. ती रिकामी जागा मी वर्गात दाखवते. वेगळा उपदेश करावा लागत नाही.

घरी आणि वर्गात काय कराल?

• टूरचे टप्पे आपल्याकडे बहुधा रात्री नऊच्या आसपास संपतात. शेवटचा अर्धा तास मुलांसोबत पाहा, पुरे आहे.
• मुलाला एक खेळाडू निवडू द्या, शक्यतो मदतनीस. रोज त्याची वेळ आणि पहिल्यापासूनचं अंतर वहीत लिहायला सांगा.
• नकाशावर रोजचा टप्पा रंगवा. फ्रान्सचा भूगोल आपोआप पाठ होतो.
• मैदानावर मुलांना ओळीने पळवा, दर मिनिटाला पुढचा मागे जाईल. आळीपाळीचा अर्थ पायांना कळतो.

आणि शेवटी ही गोष्ट सांगा. १९१३ मध्ये यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा तुर्माले घाटात तुटला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कोणाची मदत नाही. तो सायकल खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी आला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडला. अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. भट्टीचा भाता मात्र एका लहान मुलाने हलवला. ती मदत धरून क्रिस्तोफला वेळेचा दंड झाला. पुढे १९१९ मध्ये पहिली पिवळी जर्सी त्यालाच मिळाली. त्याही वर्षी, आघाडीवर असताना, पुन्हा चिमटा तुटला. टूर त्याने कधीच जिंकली नाही.

दंड योग्य होता का, असं मी वर्गाला विचारलं. अर्धा वर्ग म्हणाला, नियम म्हणजे नियम. अर्धा म्हणाला, हात दोनच, एकटा माणूस भाता हलवणार की लोखंड ठोकणार? मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, म्हणाला, "बाई, मी असतो तर मीपण भाता हलवला असता."

मी त्याला बरोबर की चूक, काहीच सांगितलं नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरी विचारून बघा.