गारपिटीतलं बिऱ्हाड

2023 च्या मार्चमधली गोष्ट. होळीचा आठवडा होता. भाच्याची जुनी ओम्नी मी चार दिवसांसाठी मागून घेतली, मागची सीट काढून गादी टाकली, छोटा गॅस आणि पाण्याचा कॅन ठेवला आणि जळगावहून निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे, मग कुसुंबा-नेरवरून साक्री. पुढे पिंपळनेरच्या बाजूला पळस फुलला असेल, तो पाहायचा, रात्री गाडीतच झोपायचं, असा बेत.

सोबत काळू. काळू म्हणजे आमच्या अंगणातला गावठी कुत्रा. अंगणातला, असं मुद्दाम म्हणतो. आमच्याकडे कुत्रा उंबरा ओलांडत नाही. त्याची लाळ लागली तर नमाजाआधी कपडा धुवावा लागतो. म्हणून निघताना अम्मीनं दोन चादरी दिल्या, एक माझी, एक त्याची. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांच्या सोबतीला कुत्राच होता, हेही तीच सांगते.

साक्रीच्या अलीकडे दुपारी वारा पडला. घामाच्या धारा लागल्या. सावली पाहून मी एका मोठ्या कडुनिंबाखाली गाडी लावली. शेजारच्या शेतात ठेलाऱ्यांचा वाडा उतरला होता. ठेलारी हे आपल्या धुळे जिल्ह्यातले मेंढपाळ. पावसाळा सरला की मेंढ्या, घोडी, कुत्री, लेकरं घेऊन चाऱ्यामागे निघतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या शेतात बसवतो. त्याला खत मिळतं, यांना धान्य नाहीतर पैसे. माझी चार दिवसांची हौस म्हणजे या माणसांचं आठ महिन्यांचं घर.

पश्चिमेला ढग काळा पडला तशी वाड्यावरची बाई ओरडली, "भाऊ, झाडखाल नका थांबू! गारा पडतीन!"

तिनं ढगाचा रंग वाचला होता. आपल्याकडे मार्चमध्ये जमीन तापते, तापलेली हवा वेगानं वर चढते. समुद्रावरून खालच्या थरात बाष्प आलेलं असतं आणि वर उत्तरेकडून थंड हवा घुसलेली असते. मग ढग उभा वाढतो. त्यातले पाण्याचे थेंब शून्याखाली गेले तरी लगेच गोठत नाहीत. बर्फाच्या कणाला टेकले की मात्र त्यावर गोठतात. वर चढणारा वारा गारेला तोलून धरतो, तिच्यावर थर चढत जातात. वाऱ्याला ती पेलेनाशी झाली की खाली येते. मोठी गार कापून पाहा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. आषाढात ढग कमी नसतात, पण वर चढणारा झोत एवढा जोरकस नसतो आणि गोठणरेषाही उंच असते. गार झालीच तरी वाटेत वितळते.

वीज दिसल्यावर मी मोजायला लागलो. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. नवाला आवाज आला, म्हणजे वीज तीन किलोमीटरवर. खरं तर अंतर तिसाच्या आत आलं की आडोसा धरावा, पण झाड हा आडोसा नव्हे. बंद गाडी बरी. वीज पत्र्याच्या बाहेरून जमिनीत उतरते, आतल्या माणसानं फक्त पत्र्याला हात लावू नये. गाडी मोकळ्यावर घेतली आणि बाईच्या लेकराला आत घ्यायला दार उघडलं. तेवढ्यात पहिल्या गारा टपावर वाजल्या. काळू माझ्या पायातून बाहेर उडी मारून गेला.

पाऊण तास तो दिसला नाही. लेकरू माझ्याकडे बघत होतं, मी काचेकडे. टपावर कोणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज.

थांबलं तेव्हा शेत पांढरं होतं, गहू झोपला होता. काळू वाघुरीपाशी, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीपाशी, वाड्यावरच्या कुत्र्यांत अंग चोरून बसला होता. एरवी त्यांनी त्याला फाडला असता.

बाई मोजत होती. पाच कोकरं गेली होती. मेंढ्यांची लोकर नुकतीच कातरलेली, त्यात भिजल्या, वर वारा. अंगातली ऊब टिकत नाही. डिसेंबर 2021 मध्ये पुणे, नगर, नाशिककडे अवकाळीत हजारो मेंढ्या अशाच गारठून मेल्या. भरपाईला पंचनामा लागतो, पशुवैद्यकाचा दाखला लागतो. गावचा शेतकरी तलाठ्याला ओळखतो. वाडा उद्या पुढच्या शिवारात जाणार, त्याला कोण ओळखणार? तिचा नवरा म्हणाला, "पंचनाम्यासाठी थांबलो तर बाकीच्यांना काय चारू?"

मी त्याला ओम्नीतून गावात नेलं. तलाठी भेटले नाहीत, सकाळी या म्हणाले कोणी. रात्री तीन ओली कोकरं गाडीत गादीवर ठेवली, माझी चादर त्यांच्यावर घातली. काळू दाराशी, त्याच्या चादरीवर. पहाटे दोन उठून उभी राहिली. तिसरं राहिलं नाही.

पळस पाहिलाच नाही. तलाठ्यांसाठी दहापर्यंत थांबलो. वाडा तोवर हलला होता. घरी आलो तर अम्मीनं चादरी हुंगल्या आणि विचारलं, "कुत्र्याची कोणती?" मला सांगता येईना. तिनं दोन्ही धुतल्या.