आमवाताचे पथ्य : किती आणि कोणते?

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही, चहाचा कप उचलणेही जड जाते आणि हा ताठरपणा तासभर तरी ओसरत नाही. आमवाताची, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, ही ओळखीची खूण आहे. निदान झाले की औषधांच्या चिठ्ठीपाठोपाठ घरात सल्ल्यांची रीघ लागते. आंबट बंद करा, दही सोडा, डाळी वातूळ, वांगी-टोमॅटो तर नकोतच. होता होता रुग्णाच्या ताटात मऊ भात आणि दुधीभोपळ्याची भाजी एवढेच उरते. सांधे मात्र दुखतच राहतात. म्हणूनच पथ्याचा खरोखर उपयोग होतो का आणि होत असेल तर ते कसे ठरवावे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आमवात हा झिजेचा विकार नव्हे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला चढवते. अस्तर सुजते आणि वेळीच आवर घातला नाही तर कूर्चा व हाड यांचीही हानी होते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हा विकार दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. रक्तातील युरिक अ‍ॅसिड वाढल्याने होणारा गाउट हा विकार पूर्णपणे वेगळा. मात्र सांधेदुखी म्हणून दोन्ही एकच समजले जातात आणि एकाचे पथ्य दुसऱ्याच्या माथी मारले जाते.

आहाराशी आमवाताचे नाते जोडण्याची कल्पना नवी नाही. ‘माधवनिदान’ या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथात विरुद्ध आहार, मंदावलेला अग्नी आणि त्यातून साचणारा ‘आम’ ही या रोगाची कारणे सांगितली आहेत. आधुनिक वैद्यकानेही हा प्रश्न तपासून पाहिला. नॉर्वेतील संशोधकांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ५३ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातील २७ जणांनी सात ते दहा दिवसांच्या उपवासानंतर साडेतीन महिने गहू व दूध वर्ज्य असलेला शुद्ध वनस्पतिजन्य आहार घेतला आणि पुढे प्रयोगाच्या उरलेल्या काळात दुधासह शाकाहार केला. त्यांच्या वेदना व सांध्यांची सूज नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाली. मात्र सर्वांनाच गुण आला नाही. शिवाय आपण काय खातो हे रुग्णांना ठाऊक होते आणि त्यांचे वजनही घटले होते. त्यामुळे लाभाचे श्रेय नेमके कशाला द्यायचे, हा प्रश्न उरलाच.

स्वीडनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात भूमध्य सागरी प्रदेशातील आहारपद्धतीने रोगाची तीव्रता कमी झाल्याचे दिसले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याच आहाराची सशर्त शिफारस केली. इतर ठरीव आहारपद्धतींची केली नाही. भरपूर भाज्या व फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, सुका मेवा, मासे व ऑलिव्ह तेल, आणि साखर, मैदा व लाल मांस कमी, असे या आहाराचे स्वरूप आहे. गंमत अशी, की डाळी, टोमॅटो, वांगी आणि लिंबू, म्हणजे आपल्याकडे सर्वप्रथम बंद होणारे पदार्थ, या आहारात नित्याचे असतात.

वर्ज्य करण्याची शिस्त

याचा अर्थ कोणाही रुग्णाला कोणताही पदार्थ बाधत नाही, असा नव्हे. काही थोड्या रुग्णांमध्ये दूध किंवा गहू यांसारख्या पदार्थाने दुखणे बळावते. पण ते ज्याचे त्याला तपासूनच कळते. आमवात मुळातच कधी चढतो, कधी उतरतो. दही खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सांधा सुजला म्हणून दही दोषी ठरत नाही.

प्रथम दोन आठवडे वही ठेवावी. काय खाल्ले, सकाळचा ताठरपणा किती मिनिटे टिकला, कोणते सांधे सुजले, हे रोज लिहावे. संशय ज्यावर बसेल तो एकच पदार्थ तीन-चार आठवडे पूर्ण बंद ठेवावा. फरक न पडल्यास तो निर्दोष समजून ताटात परत घ्यावा. बरे वाटल्यास तो पुन्हा सुरू करून चार-पाच दिवस पाहावे. त्रास परतला, आणि पुन्हा बंद केल्यावर थांबला, तरच त्याला दोषी धरावे. या काळात औषधांत बदल झाल्यास पडताळा व्यर्थ जातो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल, तर असा प्रयोग घरी मुळीच करू नये.

जे सोडले, त्याची भरपाई

सततच्या दाहामुळे या रुग्णांत रक्तक्षय होतो, स्नायू रोडावतात. स्टिरॉइड घेणाऱ्यांची हाडेही ठिसूळ होतात. अशा वेळी डाळी व दूध दोन्ही बंद करणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. गहू सोडल्यास ज्वारी, बाजरी आणि तांदूळ हाताशी आहेत. दूध सोडावे लागल्यास नाचणी, तीळ व राजगिऱ्यातून कॅल्शियम मिळते. मासे खाणाऱ्यांना बांगडा व तारलीतून ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात. जवसाची चटणी व अक्रोड यांतही ती असतात. परंतु माशांतील स्वरूपात त्यांचे रूपांतर शरीरात अल्प प्रमाणातच होते. वजन जास्त असल्यास ते उतरवणे हितावह ठरते, कारण स्थूल रुग्णांत औषधांचा गुण कमी येतो.

औषध थांबवू नये

खरा धोका पथ्यात नसून पथ्याच्या भरवशावर औषध सोडण्यात आहे. आहाराने वेदना काहीशा शमतात. पण सांध्यांची हानी आहाराने रोखली जाते, याचा पुरावा नाही. ते काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचे. रोगाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच सांध्यांचे बरेच नुकसान होऊ शकते आणि एकदा वाकडी झालेली बोटे कोणत्याही पथ्याने सरळ होत नाहीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिले जाते आणि मद्यपान टाळावे लागते. या रुग्णांसाठी हे पथ्य दह्या-चिंचेच्या पथ्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे.

बरे वाटू लागले, तरी ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्या करून डॉक्टरांना दाखवाव्यात. औषधाची मात्रा कमी करायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. भेटीला जाताना आहाराची वहीही सोबत न्यावी. ऐकीव सल्ल्यांपेक्षा तिच्यातील नोंदी डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतात.