सातमाशी मूल आणि न्यूझीलंडचं कोकरू

या पानावर नेहमी लागण, खोडवा आणि हुमणीचीच चर्चा होते. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. गटात फिरताना कुठे अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झाल्याचं कळतं, आणि लगेच कुणीतरी म्हणतं, "सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही." हे खरं नाही. पोटातल्या बाळाचं फुप्फुस शेवटच्या आठवड्यांत रोज थोडं थोडं पक्व होत असतं. तेव्हा आठव्या महिन्यातलं मूल तगण्याची शक्यता जास्तच.

अशा मुलाचं अडतं ते बहुधा श्वासात. तणनाशक फवारताना आपण पंपात स्टिकर टाकतो. तो नसला तर पाणी पानावर थेंब धरून बसतं. असला की पसरतं. पाण्याचा स्वतःला आवळून धरायचा जो गुण, म्हणजे पृष्ठताण, तो स्टिकरनं कमी होतो. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांनाही आतून ओल असते आणि ती ओल त्यांना मिटवू पाहते. म्हणून शरीर तिथे स्वतःचा स्टिकर तयार करतं. लवकर आलेल्या बाळाकडे तो पुरेसा नसतो. श्वास सोडला की फुगे मिटतात, ते उघडायला पुन्हा तितकाच जोर लागतो. बाळ कण्हतं, नाकपुड्या फुलतात, छाती आत ओढली जाते, आणि शेवटी ते थकतं.

हे कारण १९५९ साली बोस्टनच्या डॉ. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं. पण कारण कळलं तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर, तरी ३९ तासांत गेला. तिथे पैशाची की डॉक्टरांची कमी होती?

उपायाचा धागा मिळाला तो मेंढ्यांत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डॉ. ग्रॅहम लिगिन्स हे बाळंतपणाचे डॉक्टर. कळा कोण सुरू करतं, आई की बाळ, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं. मेंढी दिवस भरण्याआधीच व्याली. इतक्या लवकर आलेलं कोकरू जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं! फुप्फुस तपासलं तर त्यात हवा भरलेली. दुसऱ्या कुणी अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांना बरोबर घेऊन २८२ मातांवर प्रयोग केला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांतला श्वासाचा विकार शंभरी २६ वरून ९ वर आला. एवढं असून अमेरिकेतल्या तज्ज्ञांची एकमतानं शिफारस यायला १९९४ उजाडलं. नवी जात शिवारात रुजायला वेळ लागतो, तसंच हे.

दरम्यान १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ग्रेगरी यांनी श्वासमार्गात सतत हलका दाब ठेवून फुगे मिटू न देण्याची युक्ती काढली. १९८० साली जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेला 'स्टिकर' दहा बाळांना दिला.

मात्र आईला सुई टोचली की काम झालं, असं समजू नये. नागपूर आणि बेळगावसह सहा देशांत खेडोपाडी ही सुई देण्याचा मोठा प्रयोग झाला. २०१५ मध्ये निष्कर्ष आले, त्यात कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू वाढले. दिवस नक्की नसताना अनेकींना ती दिली गेली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत प्रयोग केला, तो रुग्णालयांत आणि सोनोग्राफीनं दिवस मोजून. २०२० साली त्याचा निकाल आला: मृत्यू शंभरी साडेतेवीसवरून साडेएकोणीसवर.

म्हणजे दोन गोष्टी लागतात: दिवसांचा खरा हिशेब आणि बाळाला सांभाळणारं रुग्णालय. दिवस भरण्याआधी कळा आल्या, पाणी गेलं, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. १०८ ला फोन करा. सुईला काम करायला वेळ लागतो, शक्यतो एक दिवस तरी. सुरुवातीच्या सोनोग्राफीचा कागद आणि माता-बाल कार्ड एकाच पिशवीत ठेवावं. तोडणीच्या टोळीत कुणी गरोदर असेल तर मुकादमानं ही पिशवी गावाहून आणायला सांगावी. ती गावी राहिली तर इथल्या डॉक्टरांना दिवस अंदाजानंच धरावे लागतात.